फलकावरचा अर्धा आकडा

माझे वडीलबंधू चाळीस वर्षे बेस्टच्या बसने मूळजी जेठा मार्केटातील पेढीवर जात असत. आता गुडघ्यांमुळे त्यांचे घराबाहेर पडणे थांबले आहे. मागील महिन्यात ते म्हणाले, “अरे, माझ्या बसचा एक फोटो काढून आण. आकडा मात्र स्पष्ट दिसला पाहिजे.”

काम किरकोळ वाटले. भर दुपारी थांब्यावर जाऊन मोबाइलवर सात-आठ फोटो काढले. घरी येऊन पाहतो तो बस लख्ख, परंतु तिच्या कपाळावरचा फलक एका फोटोत कोरा, दुसऱ्यात आकड्याचे नुसते डोके, तिसऱ्यात मधोमध काळे पट्टे. दादा म्हणाले, “हा तर परत आलेला चेक!” बँकेत उभी हयात घालविलेल्या माणसाला हे लागले.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतील पहिली बस धावली. त्यानंतर कित्येक वर्षे बसवर रंगविलेल्या अथवा छापील पाट्या असत. डोळ्यांना दिसे तेच फोटोत उतरे. एलईडी फलकाचे तसे नाही. त्यावरील सर्व ठिपके बहुधा एकाच वेळी पेटलेले नसतातच. ठिपक्यांच्या ओळी एकामागून एक पेटतात व विझतात. त्यामुळे तारा कमी लागतात व विजेचा भारही एकदम पडत नाही. हे चक्र इतक्या वेगाने फिरते की आपल्या डोळ्यांना संपूर्ण आकडा अखंड दिसतो. उन्हात मोबाइलचे शटर मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेच, किंबहुना त्याहूनही कमी काळ उघडते. त्या क्षणी जी ओळ पेटलेली असेल तेवढीच नोंदली जाते. शिवाय मोबाइल संपूर्ण चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो. पट्टे येतात ते त्यामुळे.

तेव्हा उपाय उघड होता. शटर अधिक वेळ, म्हणजे १/६० सेकंद किंवा थोडे जास्त, उघडे ठेवायचे. मोबाइलमधील ‘प्रो’ विभागात तशी सोय असते. दुसऱ्या दिवशी दुपारी तसे केले, तर फोटो धुतलेल्या मांजरपाटासारखा पांढराफटक! मोबाइलच्या भिंगाचे तोंड बहुधा लहानमोठे करता येत नाही. शटर सावकाश केले की उन्हाचा सगळा प्रकाश आत शिरतो. आयएसओ अगदी खाली आणूनही हिशेब जुळेना. भिंगापुढे काळसर काच लावणारे लावतात. मला तो खर्च अनाठायी वाटला.

शेवटी वेळच बदलली. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले असते, ही मोठी सोय. दिवस मावळताना, आकाशात थोडा उजेड असतानाच थांबा गाठला. पूर्ण अंधारात फलकाचीच अक्षरे फुलून फिसकटतात, म्हणून हीच वेळ बरी. चालती बस या वेगात पुसट येते. ती थांब्यावर उभी राहीपर्यंत धीर धरावा लागतो. कोपर थांब्याच्या खांबाला टेकवले, श्वास रोखला. मजकूर आळीपाळीने बदलतो, म्हणून लागोपाठ फोटो घेतले. पहिली बस हुकली, दुसऱ्या बसच्या आड रिक्षाऐवजी एक टेम्पो आला. कंडक्टरने मला प्रवासी समजून हातही केला. तिसऱ्या बसला आकडा आणि ठिकाण दोन्ही सापडले, एकही ठिपका न गळता.

मोठ्या आकारात छापून घेतलेला तो फोटो दादांनी डोळ्यांजवळ नेला. आकडा मोठ्याने वाचला, ठिकाण वाचले. मग बराच वेळ खिडक्या न्याहाळून विचारले, “गर्दी कशी नाही रे? मार्केट बंद होते का?”

त्या दिवशी रविवार होता.