फोडायचीच तर आपली फोडा

परवा किन्हीराजाला गावी गेलो होतो. पारावर एका पोराने मोबाईलवर क्लिप दाखवली. म्हणे मूर्तिपूजा म्हणजे अडाणीपणा, ज्यूंच्या ग्रंथातच लिहिलंय! म्हटलं, बाबा, पुढचं पण वाच की.

निर्गम २० मध्ये मूर्ती करू नका ही आज्ञा आहे, खरंय. अनुवाद ७ मध्ये कनानी लोकांच्या वेद्या पाडा असंही आहे, ते मी झाकत नाही. पण खरी झोंबणारी गोष्ट २ राजे १८ मधली. देवाच्या सांगण्यावरून खुद्द मोशेने केलेला पितळी साप. लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला. शेजाऱ्याचा नव्हे, आपल्याच पूर्वजांचा!

आपले मराठी बोलणारे बेने इस्रायली बघा. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून 'शनिवार तेली'. शेकडो वर्षं देवळांच्या शेजारी राहून एकच देव मानला, पण कुणाच्या शेंदराला हात लावला नाही.

त्यामुळे आजीच्या देव्हाऱ्याला हसण्याआधी स्वतःचा पितळी साप शोधा. ज्या नेत्याविरुद्ध एक शब्द ऐकवत नाही, त्याचा डीपी लावलाय ना? सुरुवात तिथून करा.

असो. सोमवारी ऑफिस आहेच.