पूंछ तगले कशावर?

वेढा पडलेल्या नगराची कथा आपण बहुधा तोफांच्या आणि पराक्रमाच्या भाषेत सांगतो. तो पराक्रम वंदनीयच आहे. परंतु असे नगर अखेर तग धरते ते कोठारातील धान्यावर आणि जखमींना मिळणाऱ्या उपचारांवर. जम्मू-काश्मीरमधील पूंछ याची साक्ष देते.

नोव्हेंबर १९४७ पासून वर्षभर पूंछ आक्रमकांच्या वेढ्यात होते. रस्ते तुटलेले, भोवतालच्या डोंगरांवर शत्रू आणि नगरात सैनिकांखेरीज सुमारे ४० हजार निर्वासित! गोळीआधी भुकेनेच नगर पडावे, अशी ती स्थिती होती. रसद आता आकाशातूनच येणे शक्य होते. ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांच्या नेतृत्वाखाली धावपट्टीचे काम सुरू झाले आणि सैनिकांच्या जोडीने निर्वासितही त्यासाठी राबले. तीन बाजूंना ओढे असलेल्या त्या कच्च्या पट्टीवर डिसेंबर १९४७ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी पहिले डाकोटा विमान उतरवले. येताना विमाने रसद आणि दारूगोळा आणीत. परतताना जखमींना आणि निर्वासितांना घेऊन जात. नोव्हेंबर १९४८ मध्ये वेढा फुटला, तेव्हा पूंछ भारताचे होते.

हा केवळ इतिहास नाही. ७ मे २०२५ रोजी याच पूंछवर पाकिस्तानी तोफांचा मारा झाला आणि डझनाहून अधिक नागरिकांचा बळी गेला. त्याच दिवशी मुंबईसह देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगे वाजले, काही ठिकाणी दिवे मालवले गेले. सराव आवश्यकच होता; पण तेवढ्याने सिद्धता होते काय? आपल्या शहरात किती दिवसांचे धान्य आहे? वीज गेली तर रुग्णालयातील जनित्र किती तास चालेल? हाक देताच येतील अशा रक्तदात्यांची यादी कोणाकडे आहे? इमारतीवर गोळा पडला तर शस्त्रक्रिया कोठे करायची?

‘हे शासनाचे काम’ असे म्हणून आपण मोकळे होतो. धान्यसाठा आणि सुरक्षित शस्त्रक्रियागृह ही शासनाची जबाबदारी आहेच. मात्र रक्तगटांची नोंद, प्रथमोपचाराचे शिक्षण, वस्तीतील एकाकी वृद्धांची माहिती यांसाठी कोणत्या आदेशाची वाट पाहायची? सर्वस्व गमावून आलेले पूंछचे निर्वासित मदतीची वाट पाहत बसले नाहीत. मदत उतरावी म्हणून त्यांनी आधी भूमी सपाट केली. शांततेच्या काळात आपल्याला हेच काम करायचे आहे.