खटला आणि तडजोड

गेल्या महिन्यात खामगावच्या बाजारपेठेतील एक जुने खातेदार संध्याकाळी घरी आले. समोरचा चहा तसाच निवत राहिला. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या चिरंजीवाच्या खिशात पोलिसांना ४० ग्रॅम गांजा सापडला होता. हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "साहेब, किती भरले म्हणजे प्रकरण मिटेल?"

थकीत कर्जांच्या एकरकमी तडजोडी करण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे प्रश्न ओळखीचा होता. परंतु ज्याला न्यायालयात सारे 'एनडीपीएस' म्हणतात, त्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात तडजोडीची तरतूदच नाही. येथे फिर्याद शासनाची असते. समेट करणार कोणाशी?

या खटल्याची दिशा मुख्यतः वजन ठरविते. गांजा १ किलोपर्यंत असल्यास ते 'अल्प प्रमाण'. त्यासाठी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. त्यापुढे २० किलोपर्यंत १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि खटला विशेष न्यायालयात. २० किलोहून अधिक असल्यास किमान १० व कमाल २० वर्षे. शिवाय कलम ३७ मुळे जामीनही अत्यंत दुर्घट. पदार्थ बदलला की मापही बदलते. चरसाचे अल्प प्रमाण १०० ग्रॅम, तर हेरॉइनचे अवघे ५ ग्रॅम.

"मग गुन्हा कबूल करून दंड भरून टाकू," ते म्हणाले. हाच मोह अनेक पालकांना होतो. मात्र दंड भरून सुटका झाली, तरी ती दोषसिद्धीच असते. उद्या नोकरीच्या अर्जात त्याबद्दल विचारले, तर मुलाला खरे लिहावे लागेल. म्हणून कबुलीपूर्वी वकिलांनी कागद तपासावेत. अंगझडती राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकाऱ्यांसमोर घेतली जाण्याचा हक्क कलम ५० नुसार मुलास सांगितला होता काय? वजन कसे झाले? नमुने व मोहोर यांची नोंद जुळते काय?

याच कायद्यात आणखी एक वाट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. अल्प प्रमाणाच्या वा सेवनाच्या प्रकरणातील व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर कलम ६४अ अन्वये तिच्यावर खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. दोषी ठरल्यानंतरही कलम ३९ अन्वये न्यायालय अशा व्यक्तीस, तिच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकते. दोन्ही सवलती व्यसनाधीनांसाठीच आहेत. म्हणजे मुलाला व्यसन आहे, हे आधी घरच्यांनी मान्य करावे लागते.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घरात धाकटीचे स्थळ पाहणे चालू आहे. लोकांना कळले तर?" मी उत्तर देऊ शकलो नाही.

आठवड्याने त्यांचा दूरध्वनी आला. वकिलांची भेट झाली होती, आणि मुलाला घेऊन ते स्वतः बुलढाण्याच्या शासकीय रुग्णालयात गेले होते. रांगेत बाजारातील दोघे ओळखीचे भेटले, कशासाठी आलात म्हणून विचारू लागले. "मुलाच्या उपचारासाठी," एवढेच सांगून ते रांगेत उभे राहिले.