सहल स्वस्त करायची, तर नकाशा लहान करा

काटकसरीची सहल म्हटली की आपल्याकडे पहिली कात्री लागते हॉटेलला आणि दुसरी खाण्याला. फिरण्याचा पसारा मात्र तसाच राहतो. दोन दिवसांसाठी मुंबईला येणाऱ्या कुटुंबांची यादी पाहा: गेटवे, हँगिंग गार्डन, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी. एवढे सगळे गाठायचे तर दिवसभराची गाडी करावी लागते आणि ती वाहतुकीत अडकून पडली तरी तासांचे पैसे मोजावेच लागतात. प्रत्येक ठिकाणी उतरायचे, फोटो काढायचे आणि पुढच्या घाईने पुन्हा गाडीत बसायचे. पैसे तर जातात, पण शहर दिसत नाही. कमी पैशांत शहराचा आनंद घ्यायचा असेल तर त्याचा एकच भाग निवडावा आणि तो पायी पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईत त्यासाठी फोर्टइतका सोयीचा भाग नाही. कोल्हापूरहून महालक्ष्मी, सोलापूरहून सिद्धेश्वर, नाशिककरांची पंचवटी, पुण्याची डेक्कन क्वीन या साऱ्या गाड्यांचे शेवटचे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. म्हणजे गाडीतून उतरलो की पाहण्यासारखी पहिली वास्तू समोरच. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात ती उभी राहिली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरली. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ; एक ब्रिटनचा, एक भारताचा. भिंतींवर मोर, माकडे, पानेफुले आहेत आणि त्यातले पुष्कळ कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. मुलांना यातले प्राणी शोधायला सांगा, तासभर कसा गेला ते कळणार नाही. तिथून हुतात्मा चौक, काळा घोडा, जहांगीर कलादालन, वस्तुसंग्रहालय आणि गेटवे हा सारा रस्ता जेमतेम अडीच किलोमीटरचा. जहांगीरमधली चित्रे पाहायला तिकीटही नाही.

पण माझ्या मते या भागाचे खरे वैभव ओव्हल मैदानात आहे. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर, विद्यापीठ अशी एकोणिसाव्या शतकातली गॉथिक रांग. पश्चिमेला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात उठलेल्या आर्ट डेको इमारती. त्यांचे गोलसर कोपरे, जहाजाच्या कठड्यासारख्या गॅलऱ्या आणि खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे निवांत पाहावेत. दोन शतकांच्या या दोन शैली एका मैदानाच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या आहेत आणि मरीन ड्राइव्हच्या इमारतींसह हा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. सकाळचे ऊन पश्चिमेच्या इमारतींवर पडते, संध्याकाळचे पूर्वेच्या दगडावर. म्हणून इथे दोनदा यावे. गाडीतून धावणाऱ्याला हे जमणार नाही. पायी फिरणाऱ्याला एक पैसाही जास्त पडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा: त्यांना एवढे चालवत नाही. खरे आहे. मग अंतर आणखी कमी करा, मधल्या टप्प्याला बेस्टची बस घ्या आणि दुपारी वस्तुसंग्रहालयात सावलीला बसा. चालवत नाही म्हणून पाच ठिकाणी गाडीतून चढउतार करायला लावणे हा काही उपाय नव्हे. दुसरा आक्षेप मुक्कामाचा, आणि तो वजनदार आहे, कारण दक्षिण मुंबईतली खोली परवडत नाही. परंतु रात्रीच्या गाडीने येऊन रात्रीच्याच गाडीने परतलो तर अख्खा दिवस हाती लागतो आणि खोलीचे पैसे वाचतात. कन्फर्म तिकीट असेल तर रेल्वेच्या रिटायरिंग रूमसाठीही प्रयत्न करता येतो. एसटीने येणाऱ्या महिलांना निम्मे भाडे आहे, पंच्याहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत आहे. सहलीचा हिशेब मांडताना या सवलती अनेक घरांत विसरल्या जातात. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. रविवारी फोर्टात गर्दी कमी असते हे सुख, पण कचेऱ्यांच्या गिऱ्हाइकांवर चालणारी बरीच उपाहारगृहेही त्या दिवशी बंद असतात. जेवणाची सोय आधी पाहून ठेवावी.

‘मग सिद्धिविनायक राहिलाच की!’ असे घरात कोणीतरी म्हणेलच. दर्शनाची ओढ असेल तर तो दिवस दादर-प्रभादेवीला द्या आणि फोर्ट पुढच्या खेपेला ठेवा. एका खेपेत सगळी मुंबई उरकायची सक्ती कोणी केलेली नाही.

खरी उणीव आहे ती महापालिकेच्या बाजूने. जागतिक वारशाच्या या रस्त्यांवर टेकायला पुरेसे बाक नाहीत आणि बायकांना निर्धास्तपणे जाता येईल अशी स्वच्छतागृहे शोधावी लागतात. पैसेवाला पाहुणा कॉफीच्या दुकानात शिरून दोन्ही गरजा भागवतो. खिशाला जपणाऱ्या कुटुंबाला हा मार्ग नसतो. टर्मिनसपासून गेटवेपर्यंतच्या या रस्त्यावर पालिकेने आधी एवढ्या दोन सोयी कराव्यात.