बघण्यासारखं काय आहे?

कवीचं घर बघायला जाऊ नये, असं माझं आता स्वच्छ मत झालं आहे. जायचंच असेल तर एकट्याने जावं. मेहुण्यांना बरोबर घेऊन तर मुळीच जाऊ नये. हे मत स्वानुभवाचं आहे, आणि स्वानुभवाची मतं बदलण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

त्याचं असं झालं. आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, आमची ही, हिचे थोरले भाऊ, वहिनी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा चिरंजीव. दर्शन झालं, डोंगराला प्रदक्षिणा झाली, समुद्रात पाय भिजवून झाले, मोदक झाले, सोलकढीच्या वाट्या दोनदा फिरल्या. आता उन्हं उतरेपर्यंत करायचं काय, असा प्रश्न पडला. मी संधी साधली.

"मालगुंड इथून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर आहे, दादा. केशवसुतांचं जन्मघर."

"तिथे बघण्यासारखं काय आहे?" मेहुणे म्हणाले.

या प्रश्नाशी माझं जुनं वैर आहे. धबधब्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. मॉललाही विचारत नाही. तिथे तीन तास हिंडून, काहीही न घेता, मनगटावर अत्तराचे नमुने मारून घेऊन माणसं तृप्त मनाने घरी येतात. पण कवी म्हटला की लगेच पावती मागतात. मी आवेशाने बोलायला लागलो. आधुनिक मराठी कवितेचा जनक, इंग्रजीतला सॉनेट मराठीत आणणारा माणूस वगैरे वगैरे. बोलताना मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. त्या भरात मी "माझी तर अर्धी कविता तोंडपाठ आहे" असंही बोलून गेलो. ते नडलं. पण ते पुढे.

गेलो. मालगुंडचं ते कौलारू घर कोकण मराठी साहित्य परिषदेने निगुतीने जपलंय, आणि १९९४ पासून तिथे स्मारक उभं आहे. घर साधं. शेजारच्या दालनात मराठी कवींची चित्रं आणि त्यांच्या कविता लावलेल्या आहेत. मेहुण्यांनी घराला एक चक्कर मारली, वाकून आत बघितलं, बाहेर आले आणि हात झटकत म्हणाले, "तुतारी कुठे लिहिली त्यांनी? या खोलीत की त्या?"

"ती मुंबईत लिहिली. १८९३ साली."

"मग इथे काय लिहिलं?"

"इथे ते जन्मले, दादा."

"जन्मतात सगळेच हो!"

याला उत्तर नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मेहुणे थोडे पटले. कृष्णाजी केशव दामले नावाचा हा माणूस घरात बसून कविता करणारा नव्हताच. मुंबईत तुटपुंज्या पगाराची मास्तरकी केली. तिथे प्लेग आला म्हणून खानदेशात भडगावला गेला, तिथून फैजपूरला, मग धारवाडला. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला गेला असताना त्याच प्लेगने त्याला गाठलं. वय अवघं एकोणचाळीस. पाठोपाठ बायकोही गेली. हयातीत स्वतःचं असं एक पुस्तक निघालं नाही. ज्या बिऱ्हाडांत बसून या माणसाने मराठी कविता उलटीपालटी केली, त्यातलं एकही आपण बघायला जात नाही, कारण भाड्याच्या खोलीला पाटी लावायची पद्धत नाही.

गंमत बघा. जुन्याला आता निरोप द्या, कशाला कवटाळून बसलाय, असं या गृहस्थाने तुतारी फुंकून सांगितलं. आणि आपण काय जपून ठेवलं? तर त्याचं सर्वांत जुनं घर! ज्यांनी जपलं त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी भिंतीवर कविता लावून आपलं काम चोख केलंय. तक्रार आहे ती आपल्यासारख्या बघ्यांबद्दल. आपण कवीच्या घरी जातो ते कवितेतून सुटका करून घ्यायला. एकदा उंबऱ्याला हात लावला, भाच्याने दोन फोटो काढले, की केशवसुत झाले. यादीत खूण करायची आणि पुढे जयगडचा किल्ला. बरोबर आलेल्या बसमधल्या माणसांना मी घड्याळ लावून पाहत होतो. कवितेच्या एका फलकासमोर सर्वांत जास्त वेळ जो गृहस्थ उभा राहिला, तो मोबाईलला रेंज शोधत होता.

आपल्यातला एक पक्ष तर असा की, त्यांना घरात आणखी माल हवा. कवीचा पलंग हवा, चष्मा हवा, टाक-दौत हवी, जमलं तर मेणाचा कवी हवा, आणि संध्याकाळी दिव्यांचा खेळ हवा. अहो, दौत बघून कळणार काय? शाई सगळ्यांची सारखीच असते. याच दामले कुटुंबातल्या दुसऱ्या भावाने, मोरो केशव दामल्यांनी, 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. कविता आणि व्याकरण एकाच घरातून निघालं. आमच्या घरातून दोन्ही एकदमच निघून गेलंय, पण ते निराळ्या अर्थाने.

शहाणपणाचं एकच वाक्य त्या दिवशी ऐकलं, तेही वहिनींच्या तोंडून. त्या आत बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "हे स्वतःला केशवाचा सुत म्हणवून घेणार. पण या धुरात चूल फुंकली असेल ती आईने ना?" मेहुणे म्हणाले, "चल, उशीर होतोय."

आणि मग ते झालं. भाच्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. "काका, तुम्हाला अर्धी कविता पाठ आहे ना? इथे उभं राहून एक म्हणा. मी व्हिडिओ काढतो."

मी उपरणं नसताना उपरणं सावरल्यासारखं केलं, घसा साफ केला आणि 'आम्ही कोण?' सुरू केली. आवाज छान लागला होता. बसमधली चार माणसं थांबली. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. श्रोते हसायला लागले. मला वाटलं, आनंदाने हसताहेत. बाजूला एक वृद्ध बाई उभ्या होत्या, बहुधा निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला अतिशय हळुवारपणे थांबवलं.

"ही अत्र्यांची आहे," त्या म्हणाल्या. "'झेंडूची फुलें' मधली."

केशवसुतांच्या दारात, केशवसुतांच्या कवितेचं १९२५ सालचं विडंबन मी डोळे मिटून, भक्तिभावाने म्हणत होतो! मूळ कवितेची पहिली ओळ ओलांडली की माझी गाडी आपोआप अत्र्यांच्या रुळावर जाते, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. मेहुण्यांचं हसणं रत्नागिरीपर्यंत ऐकू गेलं असेल. तो व्हिडिओ आता आमच्या नातेवाइकांत फिरतो आहे.

तेव्हा मेहुण्यांवर रागावण्याचा अधिकार मला नाही. ते निदान प्रामाणिकपणे विचारतात. मी अभिमान बाळगून होतो आणि पुस्तक माळ्यावर होतं.

घरी आल्यावर ते काढलं. कॉलेजात घेतलेलं, आत एक बसचं तिकीट, पान चौदावर. त्याच्यापुढे मी कधी गेलोच नव्हतो. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता पुढे होती. आपली सावली अंगावर पडेल म्हणून एका पोराला हाकलून देतात, आणि ते आईला जाऊन विचारतं, असं का? एकोणिसाव्या शतकातला ब्राह्मण मास्तर हे लिहितो. मी हिला मोठ्याने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर ही काही बोलली नाही. स्वयंपाकघरात आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा, दांडी तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला असतो. तो हिने उचलला, बघितला आणि फडताळात आमच्या कपांच्या रांगेत ठेवला. मग मला म्हणाली, "इतकी वर्षं तुम्हालाही दिसला नाही ना?"

मेहुण्यांचा रात्री फोन आला. पुढच्या सुट्टीत कुठे जायचं, म्हणून विचारत होते. म्हटलं, मालगुंडलाच. ते म्हणाले, "पुन्हा? आता काय राहिलंय बघायचं?"

मी म्हटलं, "दादा, तुम्ही समुद्रावर बसा. मी बाहेर पायरीवर बसून पान पंधरापासून वाचणार आहे. वहिनींना मात्र पाठवा."