ओवी तिची, परिसंवाद कुणाचा?



३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. भाषा जतन करण्याच्या परिषदांची, प्रशिक्षणवर्गांची परिपत्रकं आपल्याही हाती पडतात. निबंधाचा गोषवारा पाठवा, नोंदणी शुल्क भरा, पदव्युत्तर पदवी हवी. मग जिच्या तोंडी भाषा आहे, ती बाई कुठून आत शिरणार? फार तर उद्घाटनाला दोन ओव्या म्हणायला!

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या १,०००हून अधिक गावांमधून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, गाणारणींच्या नावानिशी. हे महत्त्वाचं. एरवी ‘लोकसाहित्य’ म्हटलं की बाईचं नाव आधी गळतं.

आज ध्वनिमुद्रणाला मोबाईल पुरतो. पण घरात फोन एकच असेल तर तो बहुधा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. म्हणून मुद्रण कसं करावं, नोंद कशी ठेवावी, संमती कशी घ्यावी, हे गाणारणींनाच शिकवायला हवं.

निमंत्रण आलं की होकार कळवण्याआधी विचारा: गाडीभाडं मिळेल का? बुडालेली मजुरी कोण देणार? पाळणाघर आहे? गोंडी किंवा कोरकू बोलणारीला दुभाषी मिळेल? मुद्रणाची प्रत गावात परत येईल ना?

आणि दर वेळी आपल्यातली शिकलेली कार्यकर्तीच पाठवू नका. तिच्यासोबत एक गाणारीण जाऊ द्या, शिकायला.