खुर्ची कुठे धरायची

१ सप्टेंबर हा १९२३च्या कांतो भूकंपाचा दिवस. त्या निमित्ताने टोकियोत जागोजागी आपत्तीचा सराव होतो. यंदा आपल्या मराठी मंडळाच्या एका सभासदाच्या इमारतीतल्या सरावाला आम्ही काही जण गेलो होतो. भूकंपात लिफ्ट थांबते, म्हणून सातव्या मजल्यावरच्या काकांना चाकांच्या खुर्चीसकट जिन्याने उतरवायचे होते. मी पुढे होऊन हाताचा दांडा धरला. "अरे, तो निघतो. आधी ब्रेक लाव, मग खालची चौकट धर," काका म्हणाले. तोवर दांडा माझ्या हातात आला होता.

काका सहा वर्षे इथे राहतात. गणपतीत दरवर्षी भेटतात. त्यांना खुर्चीसकट कसे उचलायचे, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

२०११च्या त्सुनामीत किनाऱ्यावरच्या गावांत दिव्यांगांच्या मृत्यूचे प्रमाण एकूण रहिवाशांच्या जवळपास दुप्पट होते. इशारा भोंग्यावरून दिला, तर ज्याला ऐकू येत नाही त्याला तो कळणार कसा? शाळांमधल्या निवाऱ्यांतली गर्दी, गोंगाट काही स्वमग्न मुलांना सोसला नाही. त्यांचे आईवडील त्यांना घेऊन गाडीत राहिले.

त्यानंतर कायदा बदलला. मदत लागणाऱ्यांची यादी करणे २०१३पासून पालिकांना बंधनकारक झाले. २०२१च्या दुरुस्तीने त्यांतल्या प्रत्येकासाठी वेगळी योजना आखण्याचा प्रयत्न करणे हेही त्यांच्यावर आले: न्यायला कोण येणार, कुठल्या वाटेने, कुठे. मात्र ही माहिती शेजाऱ्यांना आधीच द्यायची तर साधारणपणे त्या माणसाची संमती लागते. आपले लोक इथेच अडतात. संमतीचा फॉर्म जपानीत, आणि त्यात "घरातले दुखणे चारचौघांत कशाला?" ही आपली जुनी सवय. मला ती फार घातक वाटते. कारण आपली कितीतरी कुटुंबे टोकियोच्या एदोगावा वॉर्डात राहतात. तिथला बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९मध्ये वॉर्डाने पुराच्या नकाशाच्या मुखपृष्ठावरच इथे थांबू नका असे बजावले होते. ऐन पुरात सातव्या मजल्यावर कोण अडकले आहे, हे शोधत कोण फिरणार?

कोजागरीच्या कार्यक्रमात हे फॉर्म भरून द्यायला जपानी उत्तम येणारे दोन सभासद बसतील. कार्यक्रम या वेळी तळमजल्यावरच्या सभागृहात आहे.

काकांनी त्यांचा फॉर्म भरला. मदतनीस म्हणून दोन नावे दिली: समोरच्या दारातले जपानी गृहस्थ आणि मी. त्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, खुर्चीचे वजन किती?